कोपऱ्यावरचा एक थेंब

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढा मी एक जुना तुकडा आहे. रंगाने काळसर करडा, वरून आरशासारखा गुळगुळीत आणि स्वभावाने भारी ठिसूळ. प्रयोगशाळेत मला सगळे 'सॅम्पल' म्हणत. तुमच्या वर्गातल्या एखाद्या खोडकर मुलाला 'काय सॅम्पल आहे' म्हणतात, त्यातला हा प्रकार नव्हे. सॅम्पल म्हणजे तपासायला घेतलेला नमुना. एके काळी एका मुलीची सगळी मेहनत आणि तिचा शब्द माझ्यावर टांगलेला होता. मला तोंड नाही, त्यामुळे तिच्या बाजूने बोलता आले नाही. तोंड आजही नाही, पण तुम्ही ऐकून घ्याल असे वाटते.

माझा जन्म एका पोलादी पिंपात झाला. त्या पिंपातली हवासुद्धा काढून टाकलेली होती. गॅलियम आणि आर्सेनिक यांची वाफ एका तापलेल्या चकतीवर हळूहळू बसत गेली. अणूंचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी माझी बांधणी झाली. आर्सेनिक म्हणजे विष हे तुम्ही ऐकले असेल. माझ्या अंगात ते शहाण्यासारखे बसून आहे, तरी मला चाटून पाहू नका. मग भाजीत मीठ घालावे तसे त्यात सिलिकॉन घातले, तेही दहा लाख अणूंमागे एखादाच. तेवढ्या चिमटीने माझ्या अंगात मोकळे हिंडणारे इलेक्ट्रॉन आले. धड तांब्यासारखी वीज वाहून नेत नाही आणि धड काचेसारखी अडवतही नाही, अशी आमची जात; तिला अर्धवाहक म्हणतात. मग हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने चकतीवर रेघा ओढल्या, हलकेच दाबले, आणि आम्ही भावंडे वेगवेगळी झालो. काही याच प्रयोगशाळेत राहिलो, काही दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत गेलो.

माझे काम काय, ते आता सांगतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुण असतो. आमच्याकडे सगळे त्याला फिरकीच म्हणत. इलेक्ट्रॉन काही खरोखर गरगर फिरत नाही, पण त्या गुणाला एक दिशा असते. कुणाचे तोंड वर, कुणाचे खाली. एका खास प्रकाशाचा झोत माझ्यावर टाकला की माझ्यातले पुष्कळ इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. शाळेच्या प्रार्थनेला तुम्ही उभे राहता ना, तसे. आणि तुमच्यासारखेच ते फार वेळ टिकत नाहीत. आधी एक जण मान वळवतो, मग दुसरा, आणि थोड्या वेळात सगळा बाजार होतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाला नॅनोसेकंद म्हणतात. इलेक्ट्रॉनांची रांग किती नॅनोसेकंद टिकली, ते फिरकीचे आयुष्य. मोजताना पहिला झोत रांग लावून देतो आणि जरा थांबून दुसरा मंद झोत येऊन पाहतो, की अजून किती जण जागेवर आहेत.

उद्याचे संगणक या फिरकीच्या दिशेतच गोष्टी लक्षात ठेवतील, फारसे तापणार नाहीत, फारशी वीज खाणार नाहीत, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. त्या विद्येला स्पिंट्रॉनिक्स म्हणतात. पण रांग टिकली तरच तिच्यात काही लिहून ठेवता येणार. म्हणून फिरकीचे आयुष्य कसे वाढवायचे आणि हवे तेव्हा कसे कमी करायचे, यामागे ही मंडळी हात धुऊन लागलेली असतात.

माझे मोजमाप जिच्याकडे आले, तिला प्रयोगशाळेत थेंबताई म्हणत. हे नाव तिला चिडवायला पडले होते. मला मोजायचे तर उणे दोनशे अंशांच्याही खाली, भयंकर थंडीत न्यावे लागते. त्यासाठी सॅम्पल तांब्याच्या पट्टीवर पिवळसर डिंकाने चिकटवतात आणि ती पट्टी काचेच्या खिडक्या असलेल्या धातूच्या भांड्यात सोडतात. बाकीचे लोक सॅम्पलच्या सबंध पाठीला डिंक फासत. ताई फक्त एका कोपऱ्यावर एक थेंब लावायची. पहिल्या वर्षी एक सॅम्पल पट्टीवरून सोडवताना तिच्या नाकी नऊ आले होते, आणि शेवटी त्याचा भुगा झाला होता. तेव्हापासून ती डिंकाच्या बाबतीत कंजूष झाली. तिच्या लेखी ही सॅम्पल सहज सुटावे एवढ्यासाठी केलेली सोय होती, त्यापलीकडे काही नाही.

त्या एका थेंबावर मी सुखात होतो. भांड्यात थंड वायू भोवती खेळता असायचा, त्यामुळे थंडी चारही बाजूंनी पोचायची. तांबे आक्रसले तरी मला त्याचे काही नव्हते, कारण मी त्याच्याशी एका कोपऱ्यापुरताच बांधलेला होतो. ताईने मोजले आणि माझ्यातल्या फिरकीचे आयुष्य शंभर नॅनोसेकंदांच्याही पुढे गेले. तिने तीन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजले. आकडा तोच आला. तेव्हा कुठे तिने तो मोठ्या सरांना दाखवला.

मोठे सर म्हणजे त्या प्रयोगशाळेचे प्रमुख आणि ताईचे मार्गदर्शक. माणूस अतिशय मायाळू, पण मायेला लगाम नाही. त्यांच्या खोलीत सुटी म्हणावी अशी वस्तूच नव्हती. कपाचा तुटलेला कान, चष्म्याची काडी, टेबलाचा हलणारा पाय, सगळे त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवलेले. विद्यार्थ्यांचेही तसेच. ताई सभेत बोलायला उभी राहिली आणि तिला प्रश्न आला की उत्तर सर देऊन मोकळे व्हायचे. तिला त्रास होऊ नये म्हणूनच ते तसे करत, पण तिने गिळलेले उत्तर मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

माझ्या आकड्याने सर हरखून गेले. लेख छापून आला. माझा फोटो भिंतीवर लागला, नखाएवढा मी आणि परातीएवढा फोटो. पाहुणे आले की मला पट्टीसकट चिमट्याने उचलून दाखवत. खरे सांगतो, मी जरा फुगलो होतो.

मग दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेतून निरोप आला. माझ्याच चकतीतून कापलेला माझा भाऊ त्यांच्याकडे होता. त्यांनी तो काळजीपूर्वक मोजला होता आणि त्याच्या फिरकीचे आयुष्य जेमतेम पंचवीस नॅनोसेकंद भरले होते. लेखात प्रकाश किती, थंडी किती, भोवती लावलेले चुंबक किती जोराचे, हे सगळे छापले होते. सॅम्पल कसे चिकटवले ते कुणी छापले नव्हते. जेवणाची कृती लिहिताना ताट कसे धरायचे ते कोण लिहितो? त्यांनी चार लोक करतात तसा सबंध पाठीला डिंक फासला होता.

अशा वेळी एक रीत असते. ज्याने आधी मोजले, त्याने फेरतपासणीला हात लावायचा नाही. नाहीतर मनाजोगता आकडा आपोआप हाताला लागतो अशी शंका राहते. म्हणून मोठ्या सरांनी तपासणी स्वतःकडे घेतली. ताईने फक्त बाजूला खुर्चीवर बसायचे ठरले. सरांनी मला पट्टीवरून सोडवले, कोपऱ्यावरचा तो थेंब पाहिला आणि हसले.

"हे कसं गं टिकलं एवढ्याशावर? पडलं असतं एखाद दिवशी."

मग म्हणाले की या वेळी शंकेला जागाच ठेवायची नाही. त्यांनी माझ्या सगळ्या पाठीला डिंक लावला, वरून बोटाने दाबला, कडेने आणखी एक रेघ ओढली. त्यात काळजीच होती हे मी जाणतो. पण भांडे थंड होऊ लागले आणि माझ्या जिवावर बेतले. थंडीत सगळेच आक्रसते. तांबे मात्र माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. ते आत ओढत गेले आणि डिंकाने जखडलेल्या मला आपल्याबरोबर चेपत गेले. माझी अणूंची सरळ जाळी वाकडी झाली. वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाला ते वाकडेपण एखाद्या चोरट्या चुंबकासारखे भासते आणि तो तोंड फिरवतो. माझी रांग बघता बघता मोडली. मला ओरडून सांगायचे होते की अहो, मला आवळले आहे. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

पडद्यावर आकडा उमटला. तीसच्याही खाली होता.

सरांनी भांडे गरम करून पुन्हा थंड केले. आकडा हलला नाही. ताईने खुर्चीवर बसून डोक्यात सगळे उलथेपालथे केले. प्रकाश कमी-जास्त होता का, तापमापक चुकला का, चुंबकाच्या मापाचे शून्य सरकले होते का. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डिंक तिच्या मनातही आला नाही. पुढे पुढे तर तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. मला हवे होते तेच मी पाहिले की काय, असे ती एकदा पुटपुटली. त्या क्षणी मला माझ्या मुकेपणाचा जेवढा राग आला, तेवढा पुन्हा कधी आला नाही.

दुपारी तिच्या आईचा फोन यायचा. टिपणे लिहायला हात मोकळे राहावेत म्हणून ती फोन भांड्याशेजारी ठेवून बोलायची, त्यामुळे मलाही ऐकू यायचे. आईला इलेक्ट्रॉन म्हणजे भोवरे एवढे पक्के ठाऊक होते. तुझ्या भोवऱ्यांचे काय झाले, सर काय म्हणाले, जेवलीस का, असे ती विचारायची. ताई म्हणायची, चाललंय, काही नाही, हो जेवले. डबा पिशवीत तसाच असायचा.

शेवटी सरांनी तिला समोर बसवले. सोमवारच्या सभेत दुसऱ्या प्रयोगशाळेची माणसेही येणार होती. तिथे लेख मागे घेत असल्याचे सांगायचे, असे त्यांनी ठरवले होते. लेख मागे घेतला की ताईच्या प्रबंधाचा कणाच निघून जाणार होता, आणि जिथे जाईल तिथे 'आकडा चुकलेली ती' ही ओळख तिच्या आधी पोचणार होती. सर मायेने म्हणाले, "चूक कुणाची होत नाही? मी घेईन सांभाळून."

"सर, मी खोटं मोजलेलं नाही."

"खोटं कोण म्हणतंय? चुकलं म्हणतोय."

ताईला 'खोटं' या शब्दापेक्षा ते 'चुकलं'च जास्त लागले, हे सरांच्या लक्षात आले नसावे.

सभेच्या आधी एकदा शेवटचे म्हणून सरांनी मला पुन्हा थंडीत घातले. मोजणी यंत्र आपोआप करत होते. सरांचा तास होता, म्हणून ते वर्गावर गेले. खोलीत पडदे ओढलेले, पंप घरघरत होता आणि ताई आपल्या खुर्चीवर बसून होती. थंडी वाढली, तांब्याने पुन्हा ओढायला सुरुवात केली. इतक्या वेळच्या गरम-थंड करण्याने मी आतून खिळखिळा झालो होतो. या वेळी मला सोसले नाही. टक्कन आवाज झाला आणि मी मधोमध चिरलो. डावा भाग पट्टीला तसाच जखडून राहिला. उजवा, म्हणजे आज तुमच्याशी बोलतो आहे तो मी, डिंकातून उचकटून वर आलो आणि कडेच्या जराशा डिंकावर लोंबत राहिलो. प्रकाशाचा ठिपका नेमका माझ्यावर होता. दुखले, खोटे कशाला बोलू. पण अंगावरचा ताण उतरला आणि माझे इलेक्ट्रॉन कितीतरी दिवसांनी नीट रांगेत उभे राहिले.

किती इलेक्ट्रॉन अजून रांगेत आहेत ते दाखवणारी पडद्यावरची रेघ आतापर्यंत झपकन खाली कोसळत होती. ती आता हळूहळू उतरू लागली. ताई उठली. तिचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथून मागे आला. कशालाही न शिवता ती बाहेर पडली आणि थेट वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सरांना तास अर्धवट सोडून यावे लागले, त्यामुळे ते जरा वैतागलेलेच होते.

पडदा पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कशाला हात लावलास?"

तिने नकारार्थी मान हलवली. सरांनी भांड्याच्या खिडकीतून भिंगाने आत पाहिले. चीर दिसली तसे म्हणाले की सॅम्पल मोडले, आता याच्या आकड्यावर काय भरवसा ठेवायचा, काढून टाकू. मित्रांनो, माझा आणि तिचा, दोघांचाही निकाल त्या एका वाक्यात लागला असता.

"सर, एकदाच," ताई म्हणाली. "ठिपका तुम्हीच सरकवा. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मी हात मागे बांधून उभी राहते."

आणि ती खरेच हात मागे बांधून उभी राहिली. सरांनी ठिपका डाव्या भागावर नेला. रेघ कोसळली. उजवीकडे, माझ्यावर आणला. रेघ सावकाश उतरली, शंभरच्या पुढे गेली. त्यांनी पुन्हा डावीकडे नेला, पुन्हा उजवीकडे आणला. मग स्टूल ओढून खाली बसले. तोच तुकडा, तीच थंडी, तोच प्रकाश, असे ते स्वतःशीच म्हणत होते. मग वेगळे काय आहे, हे त्यांनी मोठ्याने विचारले.

"डिंक," ताई म्हणाली. ती हे बोलताना स्वतःच चकित झाली होती. "उजवीकडचा सुटलाय. डावीकडचा अजून आवळलेला आहे."

सर बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत राहिले. याच बोटाने त्यांनी मला दाबून बसवले होते.

भांडे उघडल्यावर डावा भाग पट्टीवरून सुटेना. सोडवता सोडवता त्याचे तुकडे झाले आणि तो केराच्या डब्यात गेला. तो मीच होतो, त्यामुळे त्याच्याबद्दल काय बोलू ते कळत नाही. उरलेल्या मला सरांनी पुन्हा पट्टीवर लावले. एका कोपऱ्यावर एक थेंब. मी पडेन या भीतीने त्यांनी डिंकाची बाटली पुन्हा उचलली, पण दुसरा थेंब लावला नाही. आकडा शंभरच्या पुढेच आला. दुसऱ्या प्रयोगशाळेतही माझ्या भावाला सोडवून एका थेंबावर लावले गेले, आणि त्यांनाही तोच आकडा मिळाला.

सोमवारच्या सभेला मला डबीत घालून नेले होते. खोली भरलेली होती. डिंकाची भानगड कशी मांडायची याचा ताई रात्रंदिवस विचार करत होती. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, पण सरांचा हात चुकला हे त्यांच्याच माणसांसमोर बोलायचे तिच्या जिवावर आले होते. सॅम्पल चिकटवण्याच्या पद्धतीतला फरक, एवढेच म्हणायचे तिने ठरवले होते. ती बोलायला उठणार इतक्यात सर उभे राहिले. ते नेहमीप्रमाणे तिच्याऐवजी बोलणार असे वाटून तिने मान खाली घातली.

"हिचं मोजणं बरोबर होतं," सर म्हणाले. "आवळलं मी."

एवढेच बोलून ते खाली बसले, आणि पुढे तासभर प्रश्न आले तरी त्यांनी तोंड उघडले नाही. सगळी उत्तरे ताईने दिली. इतके दिवस कोरडे ठेवलेले तिचे डोळे एका साध्याशा प्रश्नाच्या मधोमध भरून आले. ती पाणी प्यायली आणि पुढे बोलू लागली. सरांनी मदतीला धावायचे किती आवरून धरले होते, ते त्यांच्या खुर्चीच्या करकरण्यावरून मला कळत होते.

पुढे ताईने त्या चुकीतूनच नवी वाट काढली. आवळल्याने फिरकीचे आयुष्य घटते तर तेच मापात आवळून पाहावे, असे तिला सुचले. तिने एक छोटी चौकट करून घेतली. त्या चौकटीला बारीक स्क्रू होता. स्क्रू पिळला की माझ्या फिरकीचे आयुष्य कमी व्हायचे, सैल केला की पुन्हा वाढायचे. लक्षात ठेवायचे असेल तेव्हा सैल, पुसून टाकायचे असेल तेव्हा घट्ट. आधी जे नकळत झाले होते, ते आता ताईच्या बोटात आले. त्या चौकटीत मी कितीतरी महिने दबलो आणि सुटलो, पण मला त्याचा त्रास झाला नाही. ती दर वेळी किती पिळायचे ते जाणून पिळायची.

आता ताई दुसरीकडे शिकवते. सर निवृत्त झाले. प्रयोगशाळेत नवे पदार्थ आले, नवी मुले आली, आणि मी खणातल्या एका डबीत पडून असतो. डबीवरची चिठ्ठी पुसट झाली आहे. आवराआवरीत कुणी मला केरात टाकले तर तक्रार नाही, तरी टाकण्याआधी एकदा विचारा, एवढी विनंती आहे.

दुसरी विनंती तुम्हाला. कुणी मनापासून सांगितले की मला हे असे दिसले, आणि तुम्हाला काही तसे दिसले नाही, तर लगेच त्याला चुकीचे ठरवू नका. आधी स्वतःच्या हाताकडे पाहा, मित्रांनो. काळजीपोटीसुद्धा तो किती घट्ट आवळलेला असतो, हे त्या हाताला कळत नाही. ते आवळलेल्यालाच कळते, आणि त्याला बहुधा तोंड नसते.